मोठ्यांचा शास्त्राभ्यास: आधी गोष्ट, मग पुस्तक, आणि समोर आफ्रिकेचा नकाशा

आमच्या मंडळीचा, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या चर्चचा, मोठ्यांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, गुरुवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी भरतो. विडी वळणाऱ्या बायका येतात, यंत्रमागावरून सुटलेले पुरुष येतात, रेल्वेतून निवृत्त झालेले काका येतात, एखादी डी.एड. झालेली सून येते. काहींना वाचता येत नाही. काहींना मराठीपेक्षा तेलुगू जवळची. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून हा वर्ग माझ्याकडे आला. दुसऱ्या मंडळ्यांतल्या बहिणी विचारतात, "बाई, तुमच्याकडं माणसं एवढी बोलतात कशी?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे आधी गोष्ट होते, पुस्तक मागाहून उघडतं. आणि गोष्टी निवडताना शास्त्रातली आफ्रिकेची माणसं मी मुद्दाम पुढं आणते.

आफ्रिकाच का

आपल्या माणसांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं, हा साहेबाचा धर्म. शेजारी ऐकलं, कारखान्यात ऐकलं, सोयरीक जुळवताना ऐकलं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकात आली, त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकवलं. त्यांचे उपकार मी मानते. पण सुवार्तेचा प्रवास त्यांच्या बोटीपासून सुरू झाला, असं मनात बसलं की माणूस स्वतःच्याच विश्वासात पाहुण्यासारखा वावरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातला निळ्या डोळ्यांचा येशू त्यात भर घालतो.

यावर वाद घालत बसू नका. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडा. मिसराच्या (इजिप्तच्या) दक्षिणेकडच्या कूशी लोकांची राणी कांदके हिचा खजिनदार आठव्या अध्यायात बाप्तिस्मा घेऊन आनंदानं आपल्या वाटेला लागतो. प्रेषित पौल समुद्र ओलांडून मासेदोनियाला, म्हणजे युरोपच्या भूमीवर जातो तो सोळाव्या अध्यायात. मधे तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतले शिक्षक कोण कोण होते ते वाचा. त्यात लूक्य कुरेनेकर आहे. कुरेने हे गाव आजच्या लिबियात येतं. ज्यांनी पौलावर हात ठेवून त्याला कामाला पाठवलं त्यांच्यात आफ्रिकेतून आलेला माणूस होता. हे बोटानं ओळ दाखवून वाचलं की वर्गात एकदम हालचाल होते.

पुढचं शास्त्राबाहेरचं आहे, पण फार उपयोगी. नव्या कराराची अनुक्रमणिका काढायला सांगा. मत्तयपासून प्रकटीकरणापर्यंत २७ पुस्तकं. नेमकी हीच २७ पुस्तकं एका यादीत सापडतात ती प्रथम इ.स. ३६७ मधल्या एका पत्रात, आणि ते लिहिणारा अथनासियस हा मिसरातल्या आलेक्सांद्रियाचा बिशप. थोर ख्रिस्ती लेखक ऑगस्टीन ३५४ साली जन्मला तो आजच्या अल्जीरियात. पर्पेतुआ ही मोठ्या घरची तरुण आई आणि फेलिसितास ही गुलाम बाई, दोघी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये २०३ साली एकाच मैदानात विश्वासासाठी मेल्या. इथिओपियातल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला, आणि त्याच इथिओपियात पुढं लालिबेलाची चर्चेस अखंड खडकातून वरून खाली कोरत काढली गेली, वेरूळच्या कैलास लेण्यासारखी. सहलीला वेरूळ पाहून आलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

हे सगळं एका बैठकीत ओतायचं नाही. एका संध्याकाळी एक गोष्ट, आणि तिच्या जोडीला यातली एखादीच माहिती.

गोष्ट तयार करताना

पंधरा-वीस वचनांपेक्षा मोठा भाग घेऊ नका. तो मोठ्यानं वाचा, मग पुस्तक मिटून घरात कुणाला तरी सांगा. भाकरी थापताना सांगितली तर उत्तम. हात कामात असले की तोंड पुस्तकी भाषा सोडतं. सांगताना जागा, माणसं, एखादी हाताळता येईल अशी वस्तू आणि गोष्ट जिथं वळते ते ठिकाण, एवढं पक्कं धरा. वस्तूवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. मोठ्या माणसाला उपदेश ओळखीचा असतो, तो सुरू झाला की चेहरा बंद होतो. वस्तू हातात दिली की चेहरा उघडतो.

एक नियम कडक पाळा. शास्त्रात जे आहे ते आणि आपण कल्पनेनं घातलेलं, यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. कल्पनेचं असेल तिथं "मला असं वाटतं बरं का" एवढं म्हणा. आणि देवाच्या तोंडी पदरचं एक वाक्यही घालू नका.

सांगण्याची रीतही आफ्रिकेकडून घेण्यासारखी आहे. पश्चिम आफ्रिकेत, माली, सेनेगल, गांबिया या भागात, ग्रिओ नावाच्या गायक-कथेकऱ्यांची घराणी आहेत. राजांच्या वंशावळी नि लढाया त्यांनी पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवल्या, २१ तारांच्या कोरा या वाद्यावर गाऊन. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारा कथेकरी आधी पुकारतो, "पाउक्वा!" ऐकणारे ओरडतात, "पाकावा!" मगच गोष्ट सुरू. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी हीच सवय आपल्या उपासनेत नेली. उपदेशकाच्या प्रत्येक ओळीला लोकांचं उत्तर.

आपल्याला हे परकं थोडंच आहे? शाहिराच्या मागं झीलकरी 'जी रं जी' म्हणतातच. नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन आपल्या उपासनेत रुजवलं तेही याच भरवशावर, की आपला माणूस नुसता ऐकत नाही, साथ देतो. म्हणून गोष्ट सुरू करण्याआधी वर्गाला एक उत्तर ठरवून द्या. खजिनदाराच्या गोष्टीत ते उत्तर त्याच्याच तोंडचं घ्या: "काय अडचण आहे?" मी म्हणते, "हा परदेशी." वर्ग म्हणतो, "काय अडचण आहे?" मी म्हणते, "हा षंढ, नियमशास्त्राप्रमाणे याला मंडळीत जागा नाही." वर्ग म्हणतो, "काय अडचण आहे?" तिसऱ्या-चौथ्या वेळी आवाज चढतो. मग त्याला वाटेत भेटलेला सुवार्तिक फिलिप्प त्याला घेऊन पाण्यात उतरतो तेव्हा काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

एक गोष्ट पुरती: एबद-मलेख

नव्यानं वर्ग सुरू करणाऱ्यानं पहिली गोष्ट हीच घ्यावी. यिर्मया, अध्याय ३८. बऱ्याच जणांनी ती ऐकलेली नसते, त्यामुळे "आम्हाला माहीत आहे" म्हणणारे मोठे लोकही कान देतात.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेनं यरुशलेमेला वेढा दिला आहे. शहरातली भाकर संपत आली आहे. संदेष्टा यिर्मया सांगतो, शरण जा म्हणजे जगाल. सरदारांना हे सहन होत नाही. ते त्याला दोरांनी एका खोल हौदात सोडतात. आत पाणी नाही, चिखल आहे, आणि यिर्मया त्या चिखलात रुततो. राजा सिद्कीया हात झटकून मोकळा झालेला असतो. मग राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा एक नोकर ही गोष्ट ऐकतो. तो कूशी आहे, मिसराच्या दक्षिणेकडच्या देशातला, म्हणजे आजच्या सुदानकडचा. राजा बन्यामिनाच्या वेशीत बसलेला असताना हा तिथं जाऊन तोंडावर सांगतो, या माणसांनी वाईट केलं. राजा त्याला तीस माणसं देतो.

इथपर्यंत भरभर सांगा. "आत चिखल" आलं की वर्गानं "वर काढा" म्हणायचं, एवढं आधी ठरवून ठेवा. आणि इथं वेग कमी करा.

तीस माणसं मिळाल्यावर एबद-मलेख आधी भांडाराच्या खालच्या खोलीत जातो. तिथून जुनी फडकी आणि चिंध्या घेतो. त्या दोरांनी खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो, या काखेत दोरांच्या खाली घाल.

या ठिकाणी मी पिशवीतून काथ्याचा दोर काढते आणि यंत्रमागावरच्या चिंध्यांचं गाठोडं सोडते. सोलापुरात चिंध्या कुठं शोधाव्या लागत नाहीत. चादर-टॉवेलच्या कारखान्यातून त्या निघतात, घरोघरी पुसायला असतात. कुणीतरी धडधाकट माणूस खाली बसवा, दोर काखेतून घाला आणि दोघांनी अगदी हलकासा ताण द्या. मग चिंध्या घालून पुन्हा. फरक त्याच्या तोंडावर दिसतो. दोर सगळ्यांच्या हातात फिरू द्या.

आमच्या वर्गात एक काका आहेत. मिल बंद पडेपर्यंत मागावर होते. वर्गाला नियमित यायचे, बोलायचे मात्र नाहीत. त्या दिवशी त्यांनी चिंधी दोन बोटांत धरून चोळून पाहिली, दोर पाहिला, आणि म्हणाले, "ह्या माणसाला दोराचा वळ ठाव हाय. न्हाईतर चिंध्या कुणाला सुचतात?" एबद-मलेख हे नाव म्हणजे नुसतं 'राजाचा चाकर'. त्याचं आयुष्य कसं गेलं ते शास्त्र सांगत नाही. पण काकांनी जे पाहिलं ते पाहायला आयुष्यभर राबलेले हात लागतात, आणि अशा हातांसाठीच आपण वर्ग घेतो.

त्यानंतर मी विचारते: तुमच्या आयुष्यात दोर सोडणारे कोण, आणि चिंध्या देणारे कोण? एवढंच विचारा आणि गप्प बसा. शांतता लांबली तरी मधे बोलू नका. एका बाईंनी सांगितलं, नवरा गेल्यावर मदत पुष्कळांनी दिली, पण दिवस घातल्यावर मुलांच्या वह्या घेऊन गुपचूप दारात ठेवणारी शेजारीण एकच. ती चिंधी, असं त्याच म्हणाल्या.

मग पुस्तक उघडा. वाचता येणाऱ्यानं ३८ मधली ७ ते १३ वचनं सावकाश वाचायची, बाकीच्यांनी आपण सांगितलेल्या गोष्टीत काय सुटलं, काय जास्तीचं आलं ते पकडायचं. वाचता न येणाऱ्या बायका यात सर्वांत पटाईत. त्यांना ऐकलेलं अक्षरशः लक्षात राहतं. शेवटी ३९ व्या अध्यायातली १५ ते १८ वचनं वाचा. शहर पडतं तेव्हा देव या परदेशी चाकराला वेगळा निरोप पाठवतो, तुझा जीव वाचेल, कारण तू माझ्यावर भाव ठेवलास.

निर्गम सोलापुरात सांगताना

मोशेनं इस्राएल लोकांना मिसरातल्या गुलामीतून बाहेर काढलं, ही निर्गमाची गोष्ट सगळ्यांना येते, म्हणून ती वेगळ्या दारातून आत आणावी लागते. मी आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्यांच्या दारातून आणते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता. १८०७ साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी शास्त्रातले निवडक भाग छापले, आणि त्यातून इस्राएल लोकांच्या सुटकेची हकिगत वगळली. हे सांगताना मी माझ्या बायबलातली निर्गमाची पानं चिमटीत धरून उभी करते आणि विचारते, या पानांची भीती कुणाला वाटली असेल? आणि का?

पण पानं नसली तरी मोशे त्यांच्यापर्यंत पोचलाच. ऐकून, गाऊन. हॅरिएट टबमन ही स्वतः १८४९ मध्ये पळून सुटली आणि पुन्हा पुन्हा मागं जाऊन सुमारे सत्तर माणसांना सोडवून आणलं. लोक तिला मोशेच म्हणायचे. आपल्या महाराष्ट्राचा धागाही इथं जोडा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडची सुटका आपली वाटली.

सोलापुरात आणखी जवळची गोष्ट आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं, हजेरी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. शहराच्या त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात आणि आपण रोज तिथून जातो. निर्गमाचा चौदावा अध्याय या शहरात वाचताना ती तार आठवू नये, हे मला शक्य वाटत नाही.

फक्त एवढं करा. वर्गात त्या वस्तीतलं कुणी असेल तर आदल्या दिवशी घरी जाऊन विचारा, उद्या हा विषय काढू का, तुम्हाला बोलायचं आहे का. सगळ्यांसमोर "तुमचा अनुभव सांगा" म्हणू नका. नको म्हणाले तर विषय माणसांवर न नेता कायद्यापुरता ठेवा.

अडचणीचे प्रश्न

कधी ना कधी कुणीतरी विचारेलच, "आफ्रिकेच्या लोकांना हामाचा शाप आहे ना?" उत्पत्ति ९:२५ तिथल्या तिथं वाचा. शाप कनानाला, म्हणजे नोहाचा मुलगा हाम याच्या एका मुलाला, आहे. हामाच्या मुलांत कूश आणि मिसर यांची नावं दहाव्या अध्यायात आहेत, शापात त्यांची नावं नाहीत. गुलामांच्या मालकांनी हे वचन वाकवून आपल्या सोयीचं केलं. जन्मावरून माणसाला खालचं ठरवणारी शास्त्रवचनं आपल्या आज्यापणज्यांना ऐकवली गेली होती, त्यामुळे ही लबाडी आमच्या वर्गाला लगेच ओळखू येते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. शिमोन कुरेनेकर, ज्यानं प्रभूचा वधस्तंभ वाहिला, तो आफ्रिकेतून आलेला होता हे नक्की. कुरेने इथं यहुदी लोकांची मोठी वस्ती होती, तेव्हा तो रंगानं कसा होता हे छातीठोकपणे सांगू नये. शास्त्रात जेवढं आहे तेवढं पुरेसं मोठं आहे.

हबशी माणूस आपण कधी पाहिलाच नाही, असं वर्गात कुणी म्हणालं तर शहराच्या मधोमध असलेल्या भुईकोट किल्ल्याकडं बोट दाखवा. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढं निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर त्यानं सोलापूर आदिलशाहीकडून घेतलं. तो मुसलमान होता, त्याला ओढून ताणून आपल्या गोष्टीत बसवायचं नाही. पण आफ्रिका नि दख्खन यांचं जुनं नातं त्याच्यामुळं डोळ्यांसमोर येतं.

वर्ग चालवताना

विडी वळत बसायला मनाई करू नका. मांडीवर सूप, हातात पान-तंबाखू, कान मोकळे: याहून चांगली श्रोती मिळणार नाही. उद्या माल द्यायचा असतो, त्यांना हात रिकामे ठेवायला सांगणं म्हणजे घरी बसा म्हणणं. नकाशा खडूनं फरशीवर काढा: वर भूमध्य समुद्र, दक्षिणेकडून वर वाहणारी नाईल, मिसर, खाली कूश, डावीकडं कुरेने, कार्थेज. बायकांना रांगोळीनं काढायला दिलात तर तो त्यांचा होतो. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर बसा, आत जीव घुसमटतो.

सगळं येणारे एक भाऊ प्रत्येक वर्गात असतात. त्यांना गोष्टीनंतरचं वाचन द्या, आधीचं बोलणं देऊ नका. गोष्ट झाल्यावर ती पुन्हा सांगायला लावा, आणि तेलुगूत किंवा कन्नडात सांगणारी व्यक्ती निवडा. मराठीत जी मावशी तोंड उघडत नाही ती तेलुगूत हातवारे करून सांगते, आणि न समजणाऱ्यालाही समजतं.

गोष्टींचा क्रम असा ठेवा. एबद-मलेख, मग कांदकेचा खजिनदार, मग शिमोन कुरेनेकर वधस्तंभाच्या आठवड्यात, मग निर्गम. गणना अध्याय १२, जिथं मिर्याम आणि अहरोन ही मोशेची भावंडं मोशेच्या कूशी बायकोवरून कुरबुर करतात, तो वर्ग चांगला जुळल्यावरच घ्या. जातीबाहेरच्या सुनेचा विषय तिथं येणार, आणि ती सून कदाचित समोरच बसलेली असेल. मिर्यामेला सात दिवस छावणीबाहेर काढलं हे वाचताना सासवांकडं बघू नका, पुस्तकाकडं बघा.

हागार सर्वांत शेवटी. अब्राहामाच्या घरची मिसरातली दासी, दोनदा रानात गेलेली, देवाला 'पाहणारा देव' असं नाव देणारी. तिच्यासाठी दोन गुरुवार राखून ठेवा, उत्पत्ति १६ एका दिवशी, २१ दुसऱ्या दिवशी, कारण बायका त्या दिवशी स्वतःचं बोलतात आणि मधे थांबवता येत नाही. पाळकसाहेबांना आधी कल्पना द्या की शेवटची प्रार्थना लांबेल. लांबून येणाऱ्यांच्या रिक्षाला साडेनऊची वेळ सांगा, आणि वर्गात बोललेलं बाहेर जाणार नाही हे सुरुवातीलाच सगळ्यांकडून वदवून घ्या.